मालक बदलला, विद्या कोणाची?

सह्याद्रीच्या पूर्वेकडील अंगास, अकोले तालुक्यांत, प्रवरेच्या खोऱ्यांत राजूर हें गांव आहे. भंडारदऱ्यास जाणारा प्रवासी येथें थांबतो, येथील पेढे घेतो आणि पुढच्या वाटेस लागतो. डोंगरांतल्या वाड्यांवरून येणाऱ्या माणसाला मात्र कचेरी, बँक, शाळा, दवाखाना अशा कामांसाठीं राजूर गांठावें लागतें. पूर्वी या कामांना लेखणी, दौत आणि रुमालांत बांधलेलें दप्तर पुरत असे. आतां सात-बाराचा उतारा संगणकांतून निघतो, बँकेंतील नोंद संगणकांत होते आणि विद्यार्थ्याचा अर्जहि संगणकावरच भरला जातो. कागद यंत्रांतून बाहेर येतो तेव्हां त्यावर ‘भंडारदऱ्यास’ हा शब्द नीट उमटला तर कोणाचें तिकडे लक्ष जात नाहीं. तोच शब्द ‘भंडारदर्यास’ असा उमटला तर मराठी वाचणारा मनुष्य क्षणभर अडखळतो. दरी ती दरी आणि दर्या तो दर्या. डोंगरांतल्या गांवाच्या नांवांत समुद्र कोठून आला, असें त्यास वाटतें.

हें अक्षर यंत्रांत कोणीं बसविलें, तें कोणाच्या मालकीचें आहे, आणि तो मालक उद्यां आपलें दुकान दुसऱ्यास विकून मोकळा झाला तर त्या अक्षराचें काय होतें, हा प्रश्न उताऱ्यासाठीं रांगेंत उभ्या असलेल्या शेतकऱ्यास सुचत नाहीं. आणि शहरांतल्या सुशिक्षित घरांतहि तो फारसा निघत नाहीं. अमुक अमेरिकन कंपनीनें तमुक कंपनी इतक्या अब्ज डॉलरांस घेतली, अशी बातमी वर्तमानपत्राच्या व्यापारी पानावर येते आणि वाचणारा पान उलटतो. परंतु ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी पुण्यास अशा कंपनींत नोकरीला आहे, ज्या घराचे पैसे बँकेंत आहेत आणि ज्या घरांत मराठी लिहिली-वाचली जाते, त्या घराचा या बातमीशीं जवळचा संबंध असतो. तो कसा, हें या भाषणांत पाहावयाचें आहे.

प्रथम एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. संगणक म्हणजे नुसतें यंत्र नव्हे. यंत्राला काय करावयाचें तें सांगणारी आज्ञावली नसेल तर तें यंत्र म्हणजे बैलांवांचून गाडी. ही आज्ञावली दोन रूपांत असते. माणूस ती प्रथम माणसाला वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. तिला मूळ संहिता म्हणतात. मग तिचें यंत्राला समजेल अशा अंकांत रूपांतर होतें, आणि गिऱ्हाइकाच्या हातीं बहुधा हें दुसरें रूपच पडतें. राजूरच्या पेढ्याचें उदाहरण घेतलें तर हा भेद चटकन् ध्यानांत येईल. विकत घेणाऱ्यास पेढा मिळतो. खवा किती वेळ परतला, साखर केव्हां घातली, कढई आंचेवरून केव्हां उतरविली, हें पेढा खाऊन कळत नाहीं. पेढा गिऱ्हाइकाचा, कृति दुकानदाराची.

घरगुती वापरांत यानें फारसें बिघडत नाहीं. एक दुकान बंद झालें तर दुसऱ्या दुकानीं जातां येतें. परंतु बँक, रेल्वे, विमा कंपनी, वीज पुरविणारी संस्था यांची गोष्ट निराळी आहे. त्यांची लक्षावधि खातीं एका विशिष्ट आज्ञावलीवर बसविलेलीं असतात. ती बदलणें म्हणजे लोक राहत असतांना घराचा पाया बदलण्यासारखें आहे. म्हणून अशा संस्थांना संगणक पुरविणाऱ्या कंपन्यांच्या घडामोडींना महत्त्व येतें. त्या कंपनीनें किंमत वाढविली, करार बदलला किंवा ती स्वतःच विकली गेली, तर तिच्या गिऱ्हाइकाला तिच्या मागोमाग फरफटत जावें लागतें.

या व्यापारांतील सर्वांत जुन्या व मोठ्या नांवांपैकीं एक म्हणजे आय.बी.एम. ही अमेरिकन कंपनी. ती १९५१ सालीं भारतांत आली. मुंबईंत तिचा कारखाना होता. १९५९ सालीं बाजारांत आलेलें तिचें ‘१४०१’ नांवाचें यंत्र परदेशांत वापरून झाल्यावर येथें डागडुजी करून संस्थांना भाड्यानें दिलें जात असे. यंत्र कंपनीचें, तें दुरुस्त करणारे लोक कंपनीचे आणि बरोबर येणाऱ्या आज्ञावल्याहि कंपनीच्याच. मुंबईंत त्या वेळीं दुसऱ्या प्रकारचें कामहि चाललें होतें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत शास्त्रज्ञांनीं स्वतःच्या हातांनीं ‘टिफ्रॅक’ नांवाचा संगणक उभा केला आणि १९६० सालीं तो चालू झाला. म्हणजे यंत्र बांधण्याची बुद्धि येथें नव्हती असें नाहीं. व्यापाराचें यंत्र मात्र परक्याच्या हातीं होतें.

त्या काळीं आज्ञावलीला वेगळी किंमत नसे. ती यंत्राबरोबर येई. जून १९६९ मध्यें आय.बी.एम.नें अमेरिकेंत जाहीर केलें कीं, यापुढें कांहीं आज्ञावल्या व सेवा यंत्रापासून वेगळ्या काढून त्यांचें मूल्य निराळें घेतलें जाईल. त्याच वर्षाच्या आरंभीं अमेरिकन सरकारनें या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला होता. वरवर पाहतां हा हिशेबाचा एक फेरफार. पण त्यामुळें आज्ञावली ही स्वतंत्र विक्रीची वस्तु ठरली, आणि जी वस्तु वेगळी विकतां येते ती दूर देशीं बसलेला कारागीरहि बनवूं शकतो. पुढें मुंबईस व पुण्यास जें घडलें त्याचें एक बीज येथें आहे.

भारतांत १९७३ सालीं परकीय चलनाच्या नियमनाचा नवा कायदा झाला. त्या कायद्यान्वयें बहुतेक परदेशी कंपन्यांना येथील धंद्यांतील आपला भाग ४० टक्क्यांवर आणावा लागणार होता. आय.बी.एम.ला आपल्या शाखेची संपूर्ण मालकी सोडावयाची नव्हती. बरीच बोलणीं झालीं. जनता पक्षाच्या राजवटींत जॉर्ज फर्नांडिस हे उद्योगमंत्री असतांना तीं फिसकटलीं, आणि १९७८ सालीं कंपनीनें भारतांतून आपला गाशा गुंडाळला. आतां ठिकठिकाणीं चालू असलेल्या यंत्रांचें काय व्हावयाचें? मालक गेला म्हणून हिशेब थांबत नाहींत. या कामासाठीं भारत सरकारनें आधींच, १९७५ सालीं, एक कंपनी स्थापन केली होती; तिचें नांव कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे पुढें प्रसिद्धीस आलेली सी.एम.सी. आय.बी.एम.च्या यंत्रांची देखभाल तिनें अंगावर घेतली, आणि त्या कंपनींत शिकून तयार झालेले कित्येक तंत्रज्ञहि तिच्याकडे आले.

येथें एक चमत्कारिक गोष्ट घडली. एकाच कंपनीचें यंत्र सांभाळणारा माणूस त्या कंपनीची रीत तेवढी शिकतो. सी.एम.सी.च्या लोकांना निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें सांभाळावीं लागलीं, म्हणून त्यांना सर्व यंत्रांमागचें तत्त्व शिकावें लागलें. ज्यांच्यावर दुरुस्तीची पाळी आली होती तेच पुढें नव्या रचना करूं लागले. १९८५-८६ सालीं नवी दिल्ली स्थानकावर रेल्वेचें आरक्षण संगणकावर सुरू झालें, तें सी.एम.सी.चें काम. ज्या गिऱ्हाइकांनीं तिकिटाच्या खिडकीपाशीं निरनिराळ्या गाड्यांच्या निरनिराळ्या रांगा पाहिल्या आहेत, त्यांना त्या कामाचें मोल सांगावें लागणार नाहीं.

मुंबईंत याच सुमारास दुसरा एक प्रयोग चालू होता. टाटांनीं १९६८ सालीं टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस हें खातें काढलें आणि विजेच्या क्षेत्रांत नांव मिळविलेले फकीरचंद कोहली पुढें त्याचे सूत्रधार झाले. १९७४ सालीं बरोज या अमेरिकन कंपनीनें त्यांना एक काम दिलें: रुग्णालयांच्या हिशेबाची एक आज्ञावली तिच्या एका प्रकारच्या यंत्रावर चालत असे, ती तिच्याच दुसऱ्या, लहान प्रकारच्या यंत्रासाठीं बदलून द्यावयाची. अडचण अशी कीं, तें दुसरें यंत्र मुंबईंत नव्हतें. जवळ होतें तें आय.सी.एल. या ब्रिटिश कंपनीचें. तेव्हां येथील मंडळींनीं एका भाषेंतील आज्ञा वाचून तिचें दुसऱ्या बोलींत आपोआप रूपांतर करील अशी स्वतंत्र आज्ञावलीच लिहिली, आणि ब्रिटिश यंत्रावर अमेरिकन यंत्राचें काम करून दिलें. पोहावयाचा तलाव नसतांना अंगणांत हातपाय मारून पोहणें शिकावें, त्यांतला हा प्रकार. पण तो साधला. परदेशच्या गिऱ्हाइकाचें काम येथें बसून करण्याच्या भारतीय उद्योगाचा आरंभ अशा कामांतून झाला.

पुण्याची कथाहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नरेंद्र पटणी यांनीं अमेरिकेंत धंदा काढून छापील मजकूर यंत्राच्या उपयोगाच्या रूपांत उतरविण्याचें काम पुण्यांत करवून घेतलें. त्यांतून पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स ही कंपनी उभी राहिली. तेथें काम करणारे नारायण मूर्ति यांनीं कांहीं सहकाऱ्यांसह १९८१ सालीं पुण्यास इन्फोसिस स्थापन केली. दहा हजार रुपये हें तिचें प्रारंभीचें भांडवल, आणि १९८३ सालीं तिनें आपलें बिऱ्हाड बंगळूरास हलविलें. पटणींची मूळ कंपनी २०११ सालीं आयगेट या कंपनीनें घेतली, आणि २०१५ सालीं आयगेटला कॅपजेमिनी या फ्रेंच कंपनीनें घेतलें. सी.एम.सी.चा इतिहासहि असाच. सरकारनें २००१ सालीं तिचे ५१ टक्के भाग टाटांना विकले आणि २०१५ सालीं ती टाटा कन्सल्टन्सींत विलीन झाली. जिच्या नांवाची पाटी पाहून एका पिढीनें अभिमान बाळगला, ती पाटी उतरली. तिच्याबरोबर काय गेलें आणि काय राहिलें, हा विचार करण्यासारखा आहे. पाटी, कचेरी आणि भाग यांचा सौदा होतो. माणसाच्या डोक्यांतील विद्येचा तसा सौदा होत नाहीं. ती त्याच्याबरोबर दुसऱ्या दारीं जाते. परंतु कागदावर उतरलेली विद्या, म्हणजे मूळ संहिता, ही मात्र मालकाच्या पेटींत कुलूपबंद राहते. ती पेटी नव्या मालकानें उघडलीच नाहीं तर ज्यांनीं ती लिहिली त्यांनाहि ती पुन्हां पाहतां येत नाहीं.

या कुलपावरच एका पक्षानें आक्षेप घेतला. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संशोधकानें जाहीर केलें कीं, ज्याची संहिता कोणालाहि वाचतां, सुधारतां आणि वांटतां येईल असें सॉफ्टवेअर आपण तयार करणार. १९८९ सालीं त्यानें अशा आज्ञावल्यांसाठीं जी.पी.एल. नांवाचा परवाना प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ असा: ही आज्ञावली घ्या, वापरा, बदला, हवी तर विकाहि, मात्र ज्याला ती द्याल त्याला तिची मूळ संहिता द्या, आणि तुम्हांला मिळालेलें स्वातंत्र्य त्यालाहि द्या. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’चा गाभा लिहिला आणि लवकरच तो याच परवान्याखालीं खुला केला. अशा रीतीनें पेढ्याबरोबर कृतीची चिठ्ठीहि मिळूं लागली.

मग कृति सर्वांना ठाऊक असतां दुकान चालणार कसें? या प्रश्नाचें उत्तर रेड हॅट या कंपनीनें दिलें. १९९३ सालीं निघालेल्या या कंपनीनें आज्ञावलीची किंमत न घेतां तिच्या पाठीशीं उभें राहण्याची किंमत घेतली. बँकेला रात्रीं दोन वाजतां अडचण आली तर कोणी तरी उत्तर द्यावयास हवें. नवें छिद्र सांपडलें तर तें बुजवावयास हवें. दहा वर्षें हीच रचना टिकेल असें वचन हवें. यासाठीं संस्थांनीं वार्षिक वर्गणी भरावी. ही योजना चांगली चालली. कंपनीची एक मोठी कचेरी पुण्यांत निघाली आणि तेथील अभियंते जगभर वापरल्या जाणाऱ्या लिनक्सवर काम करूं लागले.

राजूरच्या ‘ऱ्या’चा धागा येथें येऊन मिळतो. देवनागरी लिपि संगणकावर आणण्याचें काम सोपें नव्हतें. इंग्रजी अक्षरें एकापुढें एक ठेवलीं कीं शब्द होतो. मराठींत वेलांटी अक्षराच्या आधीं दिसते पण उच्चारांत नंतर येते. रफार डोक्यावर चढतो. जोडाक्षरांत एक अक्षर अर्धें होऊन दुसऱ्यास चिकटतें. आरंभीं प्रत्येक कंपनीनें आपापली युक्ति केली. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसविले आणि कोणता तुकडा कोठें, हें ज्यानें त्यानें ठरविलें. परिणाम असा झाला कीं, एका कंपनीच्या अक्षरसंचांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संचांत उघडला तर अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. शाळेची स्मरणिका, पतपेढीचा अहवाल, एखाद्या विद्वानाचा वर्षानुवर्षांचा संग्रह एका कंपनीच्या अक्षरसंचांत अडकून पडे. ती कंपनी बंद झाली कीं तें लेखन डोळ्यांसमोर असून वाचतां येईनासें होई. मोडी जाणणारा मनुष्य न मिळाल्यामुळें वाड्यांतलें जुनें दफ्तर मुकें होतें, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, मोडीला कित्येक पिढ्या लागल्या, येथें पांच-दहा वर्षें पुरलीं.

यावर तोड म्हणून जगांतील सर्व लिप्यांना एकच अंकव्यवस्था लावण्याचें काम ‘युनिकोड’नें केलें. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीला जागा मिळाली, आणि तिची मांडणी भारतांत तयार झालेल्या ‘इस्की’ या व्यवस्थेच्या आधारें झाली. तींत ‘ळ’ला जागा आहे आणि ‘ऱ्या’साठीं लागणाऱ्या ‘ऱ’लाहि आहे. ‘ॲ’ हें अक्षर मात्र २००८ सालच्या आवृत्तींत आलें. परंतु अंक ठरला म्हणजे अक्षर दिसूं लागलें असें नव्हे. त्या अंकाचें रूप काढणारा आणि जोडाक्षरांचे नियम जाणणारा अक्षरसंच, म्हणजे फॉन्ट, लागतोच. चांगला फॉन्ट करणें हें खिळे पाडणाऱ्या कारागिराइतकेंच कसबी काम आहे, आणि त्याची किंमत पडते.

पुण्याची मॉड्युलर इन्फोटेक ही कंपनी ‘श्री-लिपि’मुळें मराठी छपाईच्या धंद्यांत सर्वपरिचित आहे. तिनें तयार केलेले भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅटनें घेतले आणि २००४ सालीं ‘लोहित’ या नांवानें जी.पी.एल. परवान्याखालीं सर्वांस खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. तांबड्या टोपीच्या कंपनीला तें नांव साजेसेंच होतें. सप्टेंबर २०११ मध्यें हे फॉन्ट त्यांहूनहि सोईच्या, खास फॉन्टांसाठीं असलेल्या खुल्या परवान्याखालीं आणले गेले. कोणीहि ते विनामूल्य घ्यावे, पुस्तकांत वापरावे, आपल्या यंत्रांत बसवावे, त्यांतील उणीव दुरुस्त करून पुन्हां वांटावे. पुण्याच्या कारागिरांचें काम अमेरिकन कंपनीच्या पैशानें मोकळें झालें आणि जगांत कोठेंहि मराठी लिहूं इच्छिणाऱ्या माणसाच्या हातीं आलें.

आतां व्यापारी पानावरच्या त्या बातमीकडे वळूं. ऑक्टोबर २०१८ मध्यें आय.बी.एम.नें रेड हॅट विकत घेत असल्याचें जाहीर केलें आणि ९ जुलै २०१९ रोजीं हा व्यवहार पुरा झाला; किंमत सुमारें ३४ अब्ज डॉलर. जी कंपनी एके काळीं यंत्राची मालकी सोडावयास तयार नव्हती, तिनेंच कुलूप न लावणारी कंपनी एवढ्या मोलानें घ्यावी, यांत काळाचा महिमा दिसतो. दरम्यान तीहि भारतांत परत आलेली होती. १९९२ सालीं टाटांशीं भागी करून तिनें येथें पुन्हां पाऊल ठेवलें होतें.

पुढें काय झालें? रेड हॅटच्या खुल्या संहितेवरून तंतोतंत तशीच रचना विनामूल्य देणारा ‘सेंटओएस’ नांवाचा उपक्रम २००४ पासून चालत असे आणि २०१४ पासून तो रेड हॅटच्याच छत्राखालीं होता. ज्या संस्थांना वर्गणी परवडत नसे त्या तो वापरीत. डिसेंबर २०२० मध्यें कंपनीनें सांगितलें कीं, ज्या आठव्या आवृत्तीचा सांभाळ २०२९ पर्यंत होईल अशी लोकांची समजूत होती, तिचा सांभाळ २०२१ च्या अखेरीस थांबेल. ज्यांनीं त्या भरंवशावर आपलीं कामें बसविलीं होतीं त्यांना एका वर्षांत दुसरी सोय पाहावी लागली. जून २०२३ मध्यें आणखी एक पाऊल पडलें: मुख्य रचनेची संहिता यापुढें वर्गणीदारांनाच कंपनीच्या दालनांतून मिळेल, असें ठरलें.

यावर मोठा वाद झाला, आणि दोन्ही बाजू ऐकून घेण्यासारख्या आहेत. कंपनीचें म्हणणें असें कीं, वर्षानुवर्षें पगार देऊन आम्हीं दुरुस्त्या करावयाच्या आणि दुसऱ्यानें कांहींहि भर न घालतां केवळ वेष्टण बदलून तीच वस्तु द्यावयाची, हें न्यायाचें नाहीं. परवान्यांतहि संहिता ज्याला आज्ञावली दिली त्याला द्यावी, एवढेंच बंधन आहे. जगाला द्यावी असें नाहीं. विरुद्ध पक्षाचें म्हणणें असें कीं, ही कंपनी स्वतः हजारों अनोळखी कारागिरांच्या खुल्या कामावर उभी राहिली. ज्या विहिरीचें पाणी तिनें प्यालें त्या विहिरीवर तिनें आतां पहारा बसवूं नये. निर्णय कोणताहि मानला तरी एक गोष्ट खरी. आय.बी.एम. १९७८ सालीं गेली तेव्हां गिऱ्हाइकांच्या साहाय्यास सरकारी कंपनी यावी लागली. २०२० सालीं मात्र लोकांनीं स्वतःच मार्ग काढला. संहिता आधींच खुली होती, म्हणून ‘रॉकी लिनक्स’ आणि ‘अल्मा लिनक्स’ या दोन नव्या रचना २०२१ सालींच उभ्या राहिल्या आणि जुन्यांची जागा घेऊं लागल्या. कृतीची चिठ्ठी जवळ होती, म्हणून कढई दुसऱ्या चुलीवर चढवितां आली.

जेथें चिठ्ठी जवळ नसते तेथें काय होतें, याचेंहि ताजें उदाहरण आहे. एका मोठ्या यंत्राचीं अनेक आभासी यंत्रें करून देणारी व्हीएमवेअर ही कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रॉडकॉम या कंपनीच्या ताब्यांत गेली. पुढच्याच महिन्यांत नव्या मालकानें कायमचा परवाना विकण्याची पद्धति बंद करून फक्त मुदतीची वर्गणी ठेवली. एकदां विकत घ्यावें आणि वापरीत राहावें, हा मार्ग नव्या गिऱ्हाइकासाठीं संपला. येथें दुसरी चूल मांडावयाची तर नव्या घराकडेच जावें लागतें.

या सर्वांतून खुली तीच वस्तु चांगली आणि विकत घ्यावयाची ती वाईट, असा सोपा निष्कर्ष काढणें बरोबर होणार नाहीं. खुल्या वस्तूचीहि एक दुबळी बाजू आहे. ‘लोहित’ फॉन्ट कोणीहि परत घेऊं शकत नाहीं. जो परवाना एकदां दिला तो दिला. आय.बी.एम. काय आणि तिच्यानंतर येणारा मालक काय, त्याला हें दान मागें घेतां येणार नाहीं. पण फॉन्टची निगा राखणें हें मालकाला बंधनकारक नाहीं. नवें अक्षर आलें, नव्या यंत्रांत एखादें जोडाक्षर तुटूं लागलें, तर तें दुरुस्त करणारा माणूस हवा, आणि त्या माणसाला पोट आहे. आजवर अशा कामाचा खर्च पुष्कळदां परदेशी कंपनीच्या पगारपत्रकांतून भागला. मराठी भाषेच्या अक्षरांची दुरुस्ती त्या भाषेशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं अशा भांडवलदाराच्या मर्जीवर कायमची सोपवावी, हें बरें नव्हे. देवळाचा कळस एकानें बसविला म्हणून दिवाबत्ती कोणीं करावयाची हा प्रश्न सुटत नाहीं.

तेव्हां शाळा, पतपेढी, ग्रंथालय किंवा सहकारी संस्था चालविणाऱ्या मंडळींनीं संगणकाची रचना घेतांना दुकानदाराला तीन प्रश्न विचारावे. पहिला: आमचें दप्तर उद्यां आम्हांला पूर्णपणें बाहेर काढून दुसरीकडे नेतां येईल काय? दुसरा: तुम्ही नसाल तर हें दुरुस्त करणारा दुसरा कोणी आहे काय, आणि त्याला लागणारी संहिता त्याच्या हातीं पडेल काय? तिसरा: यांतील मराठी युनिकोडांत आहे, कीं कोणा एकाच्या खासगी अक्षरसंचांत? या तीन प्रश्नांचीं उत्तरें लेखी घेतलीं तर पुढें कंपनी विकली गेल्याची बातमी वाचून छातीचा ठोका चुकणार नाहीं. आणि ज्या घरांतील मुलें या धंद्यांत आहेत त्यांनीं त्यांना एवढेंच सांगावें कीं, एका कंपनीच्या यंत्राची रीत शिका, पण तेवढ्यावर थांबूं नका. रीतीमागचें तत्त्व शिका. आय.बी.एम. गेल्यावर जे उभे राहिले ते तत्त्व शिकलेले लोक होते. आणि आठवड्याचा एखादा तास आपल्या भाषेच्या एखाद्या खुल्या कामाला द्यावयास त्यांना कोणाच्या परवानगीची गरज नाहीं. तो परवाना त्यांना आधींच मिळालेला आहे.

राजूरच्या कचेरींतून उतारा घेऊन बाहेर पडणारा शेतकरी तो घडी करून खिशांत ठेवील आणि गाडीची वाट पाहील. त्याच्या जमिनीचा गट, त्याचें नांव आणि त्याचें गांव त्या कागदावर असेल. संगणकाच्या कंपन्यांचे मालक आजवर बदलले, पुढेंहि बदलतील. त्या कागदावर ‘भंडारदऱ्या’तली दरी दरीच राहिली पाहिजे, आणि ती तशी राखण्याचें काम मराठी जाणणाऱ्यांचें आहे.